वरळीच्या मनोऱ्याखालचे गाणे

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत वरळीला दूरचित्रवाणीचे केंद्र सुरू झाले, त्या वेळी महाराष्ट्रात गाणे घरोघर पोहोचलेले होते, पण गाणारा पोहोचलेला नव्हता. ग्रामोफोनने आणि रेडिओने जे आवाज दिवाणखान्यांत, माजघरांत आणि हॉटेलांत आणून सोडले होते, त्यांतल्या पुष्कळांचे चेहरे रसिकांना मासिकातल्या एखाद्या धूसर छायाचित्रापलीकडे ठाऊक नव्हते. गणेशोत्सवाच्या मांडवात मागे उभा राहून ज्याने बुवांचे गाणे ऐकले, त्याला त्यांची टोपी दिसली असेल. परंतु समेवर येताना त्यांच्या मुद्रेवर काय उमटते, हे त्याला दिसणे शक्य नव्हते. मुंबई केंद्राने पुढल्या वीस वर्षांत ते दाखवले. कलावंताविषयी लोकांना काय कळावे, किती कळावे आणि ते कोणी कळवावे, या प्रश्नाचा मराठीतला इतिहास कोणी लिहू गेल्यास त्यातली ही वीस वर्षे मला सर्वांत मोलाची वाटतात. आणि ती तशी का वाटतात, हे सांगण्यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे.

संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात नटगायकाची वार्ता मुख्यतः दोन वाटांनी फिरे. एक वाट नाटक मंडळीच्या हँडबिलांची आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींची, जिच्यात खेळाचे नाव, पात्रे आणि तिकिटांचे दर यांखेरीज फारसे काही नसे. आणि दुसरी तोंडोतोंडीची. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली आणि तरीही ठरलेला खेळ झाला, ही हकीकत महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना सांगितली आहे. ती सांगताना सांगणाऱ्याचा आवाज आजही उतरतो, हे ज्यांनी जुन्या नाट्यवेड्या माणसांच्या सहवासात दोन घटका घालवल्या आहेत त्यांना ठाऊक असेल. पुढे १९२१च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केला, त्याची चर्चाही ज्यांनी तो पाहिला त्यांच्यापेक्षा ज्यांना पाहायला मिळाला नाही त्यांनीच अधिक केली. कलावंताचे खाजगी दुःख, त्याची ईर्ष्या, त्याचा मोठेपणा हे सगळे लोकांपर्यंत येई. पण ते कोणाच्या तरी स्मरणातून गाळून येई, आणि आले तरी मध्ये रंगमंचाच्या पडद्याइतके अंतर राखून येई.

तिसरी वाट मागाहून पडली, ती समीक्षेची. केशवराव भोळे हे स्वतः गाणारे, आणि ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’सारख्या चित्रपटाला संगीत देणारे, त्यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने ‘वसुंधरा’ साप्ताहिकातून त्या वेळच्या हयात गायकांवर लेख लिहिले. आवाजाची जात कोणती, तो कोठे खुलतो आणि कोठे अडतो, लय कशी सांभाळली जाते, तालमीचा ठसा कोणत्या घराण्याचा, याची अशी निर्भीड चिकित्सा त्यापूर्वी मराठीत क्वचितच झाली होती. गायकाविषयी छापण्याजोगी बातमी म्हणजे त्याचे गाणे, हा दंडक भोळ्यांच्या लेखणीने घालून दिला. त्या लेखांनी काही मंडळी दुखावली असतील. परंतु ज्याचे गाणे इतक्या बारकाईने ऐकले गेले, त्याचा त्यात एक प्रकारे सन्मानच होता.

रेडिओच्या कारकिर्दीत या कारभाराला सरकारी शिक्का बसला. मुंबईचे केंद्र १९२७च्या जुलैत खाजगी कंपनीने सुरू केले होते आणि पुढे ते सरकारकडे आले, हे सर्वश्रुत आहे. स्वातंत्र्यानंतर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२पासून दहा वर्षे माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते. त्यांच्या काळात कलावंतांची श्रवणचाचणी घेऊन प्रतवारी लावण्याची पद्धत देशभर रूढ झाली. श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांसारखे विद्वान त्या कामी नेमलेले असूनही मुंबईतल्या गवयांनी चाचणीविरुद्ध गहजब केला. ज्याने उभी हयात गाण्यात घालवली त्याने मंडळापुढे बसून उमेदवारासारखे गावे, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. चित्रपटसंगीताला केसकरांनी आकाशवाणीचे दार जवळजवळ बंद केले, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अमीन सयानींच्या ‘बिनाका गीतमाले’ने चित्रपटगीतांची क्रमवारी ही दर आठवड्याची बातमी करून टाकली. केसकरांचा हेतू शुद्ध होता, यात मला शंका नाही. पण लोकांचा कान हुकमाने वळत नाही. त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५पासून वर्षभर माडगूळकर-फडक्यांचे ‘गीतरामायण’ ऐकवले आणि ५६ गीतांची ती मालिका ऐकायला लोक वेळ राखून बसले, हेही त्याच काळातले सत्य आहे.

दूरचित्रवाणी जन्मली ती याच घरात. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन वेगळे खाते झाले, तोपर्यंत ती आकाशवाणीचाच एक विभाग होती, आणि वेगळी झाल्यावरही तिने आकाशवाणीचे दप्तर, प्रतवारी आणि शिरस्ता बरोबर घेतला. गायकाच्या हाती पडणारे कंत्राट भारताच्या राष्ट्रपतींच्या वतीने केलेले असे. त्यात बिदागीचा आकडा माफक असे, परंतु कार्यक्रमाची वेळ आणि अवधी मिनिटांत नेमलेला असे. खेड्यातून आलेला एखादा शाहीर किंवा भजनी बुवा तो कागद घरी जपून ठेवी, त्यात नवल नव्हते.

आता त्या स्टुडिओत घटकाभर डोकावले पाहिजे. दालन वातानुकूलित, आणि तानपुरे मिरजेच्या कारागिरांनी केलेले. गाणाऱ्याने येऊन खुंट्या पिळल्या, घोडीवरचा दोरा सारून जवारी उघडली, मणी सरकवून सूर नेमका केला, आणि एवढे होईतो छतावरचे दिवे लागले की त्या उष्णतेने तारा सैल पडून सूर उतरू लागे. पुन्हा दिवे मालवायचे की तसेच जुळवून घ्यायचे, यावर निर्माता आणि गायक यांच्यात हलक्या आवाजात खल चाले. कृष्णधवल कॅमेऱ्याला पांढरेशुभ्र वस्त्र सोसत नसे, त्याने चित्र फटफटीत होई. म्हणून जन्मभर पांढऱ्या धोतर-सदऱ्यात गायलेल्या बुवांना रंगीत उपरणे पांघरावे लागे. समोर टाळी देणारा श्रोता नाही, मान डोलावणारा कोणी नाही. फ्लोअर मॅनेजर तेवढा कॅमेऱ्याशेजारी उभा राहून उरलेली मिनिटे बोटांनी दाखवी. विलंबित ख्याल तासभर फुलवणाऱ्या माणसाने वीस-पंचवीस मिनिटांत राग उभा करावा, हे सोपे नव्हते. तरीही भीमसेन जोशींच्या देहातून तान निघताना हातांची, खांद्यांची आणि मानेची होणारी ती झुंज, कुमार गंधर्वांचे डोळे मिटून तानपुऱ्यावर कान लावणे, किशोरी आमोणकरांचे स्वरमंडळावर फिरणारे हात, हे सर्व ज्याने पडद्यावर पाहिले त्याला त्या गाण्याची कष्टाची बाजू प्रथमच उमजली. कुमारांच्या मागे तबल्यावर वसंतराव आचरेकर बसलेले दिसत, एखाद्या मैफलीत पेटीवर गोविंदराव पटवर्धनांची बोटे दिसत. ज्या साथीदारांचे नाव रेकॉर्डच्या वेष्टनावरही बहुधा छापले जात नसे, त्यांना या माध्यमाने चेहरा दिला.

सुगम संगीताच्या वाट्यालाही हे भाग्य आले. अरुण काकतकरांच्या ‘शब्दांच्या पलीकडले’ या कार्यक्रमात मराठी भावगीत गाणारे, रचणारे आणि चाली बांधणारे एकत्र येत. गाणे कसे जन्मले हे त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळे आणि मग ते गाणे पूर्ण ऐकवले जाई. ‘पूर्ण’ या शब्दावर मी मुद्दाम भर देतो. तबस्सुम यांच्या ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’मध्ये चित्रपटसृष्टीतली माणसे गप्पा मारीत, आणि चित्रपटगीतांचे ‘छायागीत’ लागले की चाळीतल्या ज्या एका घरी संच असे तेथे अख्खा मजला लोटे. करमणुकीची बातमी म्हणावी अशी मुंबई दूरदर्शनवर एवढीच. भक्ती बर्वे, स्मिता पाटील यांच्यासारख्या पुढे स्वतःच नामांकित झालेल्या वृत्तनिवेदिका मराठी बातम्या वाचीत. त्या बातम्यांत गायकाचे नाव यायचे ते प्रायः पद्म पुरस्काराच्या दिवशी किंवा निधनाच्या.

या कारभारात दोष होते आणि ते लहान नव्हते. प्रतवारीच्या कुंपणाबाहेर राहिलेला गुणी कलावंत बाहेरच राहिला. चित्रफिती महाग असल्याने एका कार्यक्रमावर दुसरा मुद्रित करण्याचा शिरस्ता पडला आणि जे कोणत्याही मोलाने पुन्हा मिळणार नाही असे पुष्कळ काही पुसले गेले. ही हानी आठवली की जीव हळहळतो. १९८२ साली रंग आला, त्याबरोबर दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रमही आला, आणि संध्याकाळच्या ज्या वेळेवर मराठीचा मक्ता होता तिच्यातला मोठा हिस्सा हिंदीकडे गेला. त्याच राष्ट्रीय प्रक्षेपणात १५ ऑगस्ट १९८८ रोजी ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ प्रथम दाखवले गेले. भैरवीतली ती चाल बांधणारे अशोक पत्की मराठी, आरंभीचा स्वर लावणारे भीमसेन महाराष्ट्राने आपले मानलेले. ज्या घरात शास्त्रीय संगीत लागताच कोणीतरी उठून संच बंद करी, त्या घरातली मुलेही भीमसेनांना चेहऱ्याने ओळखू लागली.

२ ऑक्टोबर १९९२ रोजी, मुंबई केंद्राला वीस वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, झी ही खाजगी वाहिनी सुरू झाली. १९९५मध्ये तिच्यावर ‘सा रे ग म’ ही गाण्याची स्पर्धा आली. सोनू निगम निवेदन करी आणि परीक्षणाला संगीतातली जाणती माणसे बसत. १५ ऑगस्ट १९९९ रोजी झीचीच मराठी वाहिनी, अल्फा मराठी, सुरू झाली, आणि तिच्या ‘नक्षत्रांचे देणे’ने एकेका संगीतकाराला, कवीला, गायिकेला अख्खी मैफल अर्पण केली. येथवर जुना धागा तुटला नव्हता. तो ताणला गेला तो मतदानाने. ५ मार्च २००५ रोजी मुंबईचा अभिजीत सावंत पहिला ‘इंडियन आयडल’ ठरला, तेव्हा त्याचे गाणे जितक्या जणांनी ऐकले तितक्याच उत्कंठेने मोबाइलवरच्या मतांचा निकाल ऐकला. २००७ साली मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या आल्या, आणि त्यांना दिवसाचा प्रत्येक तास भरायचा होता. स्पर्धेतून कोण गेले, कोण रडले, कोणाच्या गावात फलक लागले, हे सारे त्या तासांना पुरले. २००९च्या फेब्रुवारीत ‘लिटल चॅम्प्स’ या मुलांच्या गायनस्पर्धेची अंतिम फेरी झाली आणि आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली, त्या रात्री महाराष्ट्रातले रस्ते ओस पडल्याचे लोक अजून सांगतात. वारकरी परंपरेतले गाणे गाणाऱ्या त्या मुलीचे मला अपार कौतुक वाटले. परंतु जे दुःख १९११ साली पडद्यामागे राहिले होते, त्याची आता स्वतंत्र फेरी झाली होती. हरलेल्या मुलाच्या डोळ्यांवर कॅमेरा जितका वेळ थांबे, तितका त्याच्या अंतऱ्यावर थांबत नसे. भोळ्यांनी घालून दिलेला दंडक येथे मोडला, असे मी म्हणतो, आणि त्याचे मला वाईट वाटते. गाणारी मुले कमी गुणाची नव्हती. त्यांच्या गाण्याविषयी दोन जाणते शब्द बोलायला बातमीत जागा ठेवलेली नव्हती.

मुंबई दूरदर्शनची मराठी वाहिनी ‘सह्याद्री’ या नावाने चालू आहे, आणि पुसण्यातून वाचलेल्या फितींपैकी काही अलीकडे प्रसार भारतीने लोकांसाठी खुल्या केल्या आहेत. त्या पाहताना एक उणीव ठायी ठायी जाणवते. मुख्य गायकाचे नाव असते, पण तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागे तानपुरा धरून बसलेला शिष्य कोण, ध्वनिमुद्रण कोणत्या साली झाले, याचा दाखला बहुधा नसतो. ते चेहरे पाहताक्षणी ओळखणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना संचासमोर बसवून, एकेक फीत दाखवून, नावांची यादी करून घेण्याचे काम एखाद्या विद्यापीठाने किंवा संगीतसंस्थेने याच वर्षी हाती घ्यावे. त्याला फार मोठा खर्च येणार नाही.