माळरान, नांगर आणि भांडवल

एखादा लहान कारखाना मोठा कशामुळे होतो? वर्गात विचारले, तर 'भांडवलामुळे' किंवा 'नव्या शोधामुळे' अशी उत्तरे येतील. किर्लोस्करवाडीचा इतिहास पाहिला, की ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे ते कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवू लागले. लाकडी नांगर जमीन उकरतो, पण माती पालथी करत नाही. त्यामुळे हरळीची मुळे जमिनीतच राहतात. लोखंडी नांगराची वळणदार फळी माती उचलून उलटी टाकते आणि मुळे उन्हात वाळतात.

फायदा उघड होता, तरी विक्री होईना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी समजूत होती. शिवाय लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई. लोखंडी नांगराला रोकड लागे. त्यातच विलायती नांगरांशी स्पर्धा. इंग्लंडमध्ये रॅन्सम यांनी १८०३ सालीच फाळ टिकाऊ करण्याची युक्ती शोधली होती. साच्याचा खालचा भाग थंड ठेवला, की तेथील बिडाचा रस झटकन गोठतो. कार्बनला ग्राफाइटच्या रूपात वेगळे होण्यास वेळ मिळत नाही. तो लोहाशी संयोग पावतो आणि ती बाजू कठीण होते. वरची मऊ बाजू आधी झिजते, म्हणून धार कायम राहते.

अशी कौशल्ये चुकतमाकतच साधतात आणि चुकांनाही पैसा लागतो. बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर पडीक जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. मार्च १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली. नांगर हंगामात खपतो. लोखंड, कोळसा आणि मजुरी यांचा खर्च मात्र बारमाही. म्हणून नुसते भांडवल पुरत नाही, ते थांबायला तयार असावे लागते. शेजारची रेल्वेही तितकीच मोलाची होती.

पुढे १९२६ साली येथे पंप तयार होऊ लागले. नांगरासाठी साचे करणारे, रस ओतणारे हात त्या कामालाही उपयोगी पडले. औंध संस्थानातच १९१६ साली ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील घरोघरी पोहोचला. अर्थात संस्थानिकाची मर्जी हा काही सर्वत्र लागू पडणारा उपाय नव्हे. पण धीराचा पैसा, सुधारत जाणारे तंत्र आणि वाहतूक एकत्र आली, तर ओसाड माळावरही कसब रुजते, एवढे यातून दिसते.

आपल्या गावातील एखादे वर्कशॉप विद्यार्थ्यांना दाखवावे. पहिला पैसा कोणी दिला, काम कोणाकडून शिकले, तेथे शिकून कोणी स्वतःचे दुकान काढले, हे त्यांनी विचारावे. स्थानिक अर्थव्यवस्थेचा धडा तेथेच सापडेल.