वाटखर्च

कमी पैशांत देश कसा पाहावा, हा प्रश्न आपण बहुधा तीन रकान्यांत मांडतो: तिकीट, मुक्काम आणि जेवण. तिन्हींची बेरीज लहान असली की प्रवास स्वस्त झाला, असे समजायचे. इतिहासात डोकावले तर मात्र या हिशेबात दोन गोष्टी हटकून राहून जातात, असे दिसते. प्रवाशाने न भरलेला खर्च दुसऱ्या कोणी तरी भरलेला असतो. आणि खिशात पुरेसे पैसे असूनही एखाद्याला वाट बंद असू शकते. अर्ध्या शतकाच्या आत घडलेले तीन प्रवास शेजारी ठेवले तर हे अधिक स्पष्ट होईल.

पहिला प्रवास मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होते आणि मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून तेथे भरघोस दक्षिणा मिळेल, अशी वार्ता आली होती. भोरघाटातून पुण्यापर्यंत सलग आगगाडी जाऊ लागली ती १८६३ साली. तेव्हा हा प्रवास मुख्यतः पायीच होता. सातपुडा ओलांडून माळवा, पुढे ग्वाल्हेर, झाशी आणि अखेर काशी. वाटेत बंडाची धामधूम उसळली, झाशीच्या वेढ्यात ते सापडले, मिळवलेले द्रव्य लुटीत गेले; तरीही काही वर्षांनी गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. पुढे १८८३ च्या सुमारास त्यांनी ही हकीकत लिहिली आणि चिंतामणराव वैद्यांनी ती १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली.

या पुस्तकाकडे आपण सत्तावनचा साक्षीदार म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. पण निष्कांचन माणूस घर सोडून इतका दूर जाऊ शकला कसा, हा प्रश्नही त्याला विचारता येतो. उत्तर त्या काळच्या व्यवस्थेत आहे. मराठ्यांबरोबर उत्तरेत गेलेली घराणी ग्वाल्हेर, इंदूर, धार, झाशी येथे नांदत होती. देवळे, धर्मशाळा, घाट आणि अन्नछत्रे यांचे जाळे पसरलेले होते. अहिल्याबाई होळकरांनी आपल्या कारकिर्दीत (१७६७ ते १७९५) त्यात घातलेली भर तर सर्वश्रुत आहे. वेदविद्या जाणणाऱ्या ब्राह्मणाला या जाळ्यात शिधा मिळे, ओसरी मिळे आणि निघताना दक्षिणाही मिळे. हा खर्च राजाच्या खजिन्यातून होई आणि खजिना रयतेच्या साऱ्यातून भरे. म्हणजे गोडसेभटजींचा वाटखर्च अखेर माळव्यातल्या आणि बुंदेलखंडातल्या कुणब्याने दिला होता. ज्याने तो दिला त्याला स्वतःला मात्र शेत सोडून काशीला जाणे सहसा परवडत नसे.

काल्पीच्या वाटेवरचा त्यांचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. तहानलेली राणी लक्ष्मीबाई एका विहिरीपाशी आली. गोडसे तिच्यासाठी पाणी शेंदू लागले, तेव्हा विद्वान ब्राह्मणाने आपल्याकरिता पाणी ओढू नये म्हणून तिने त्यांना थांबवले आणि स्वतः पाणी काढले. राज्य हातचे गेले होते, आसरा उरला नव्हता, तरी विहिरीवर कोणाचा मान काय, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते.

आगगाडीने ही जुनी व्यवस्था मोडली असे म्हणतात, आणि त्यात बरेच तथ्य आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. १८७० पर्यंत मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गाने जोडली गेली. तिकीटघराच्या खिडकीवर वेदविद्या उपयोगी नव्हती. पैसे चालत होते. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात कोण कोणाशेजारी बसले आहे, याची चौकशी कंपनी करीत नसे.

या तिसऱ्या वर्गाने देश किती स्वस्तात पाहता येतो, याचा चोख हिशेब मोहनदास गांधींनी आत्मकथेत दिला आहे. १९०२ साली कलकत्त्याहून राजकोटला जाताना त्यांनी काशी, आग्रा, जयपूर आणि पालनपूर येथे एकेक दिवस मुक्काम केला. बारा आण्यांची किंतानाची पिशवी आणि जाड लोकरीचा कोट एवढा सरंजाम होता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुऱ्या आणि मिठाई भरून एक धातूचा डबा सोबत दिला होता, आणि ते स्वतः स्टेशनवर निरोप द्यायला आले. गांधी सामान्य यात्रेकरूंप्रमाणे धर्मशाळांत किंवा पंड्यांकडे उतरले. रेल्वेभाड्यासह सारा खर्च एकतीस रुपयांच्या आत झाला.

याच गांधींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या हालांवर लिहिले, तेव्हा त्यांनी चौथा रकाना उघडला. मुंबईहून मद्रासला जाताना त्यांनी तेरा रुपये नऊ आणे मोजले होते. डबा बावीस जणांचा, पण माणसे त्याहून कितीतरी अधिक. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त, पण तिसऱ्या वर्गाच्या उतारूला एकपंचमांश तरी सोयी मिळतात काय, असा त्यांचा सवाल होता. वरच्या वर्गांचा ऐषआराम तिसऱ्या वर्गाच्या पैशावर चालतो, हे त्यांचे निदान होते.

आता तिसरा प्रवास. तो गांधींच्या प्रवासाच्या आदल्याच वर्षीचा, १९०१ चा. साताऱ्याला राहणारी काही मुले आगगाडीने मसूरला निघाली. त्यांत नऊ-दहा वर्षांचा भीमराव आंबेडकर आणि त्याचा थोरला भाऊ होते. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुलांच्या अंगावर नवे कपडे होते, तिकिटे होती, जवळ पैसे आणि फराळाचे डबे होते. स्टेशनवर जात कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलला आणि बैलगाडीवाले पाठ फिरवू लागले. अखेर दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, असे ठरले. रात्री जकात नाक्यावर पाणी मिळाले नाही; आणि पाणी नाही म्हणून जवळचे अन्नही खाता आले नाही. मुले उपाशी झोपली.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात बाबासाहेबांनी ही हकीकत सांगितली आहे. तिथेच १९३४ च्या सहलीचाही वृत्तांत आहे. वेरूळची लेणी पाहायला निघालेले तीसेक सहकारी दौलताबादच्या किल्ल्यापाशी उतरले आणि दाराजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. हौद बाटवला म्हणून एक वृद्ध मुसलमान ओरडत आला आणि जमाव गोळा झाला. अखेर आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सोबत सशस्त्र शिपाई देऊन, त्यांना किल्ला दाखवण्यात आला. तोवर बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आले होते.

या तीन प्रवासांत निर्धन कोण होता? पैशाच्या हिशेबाने गोडसे. मुलांनी तर दुप्पट भाडे मोजले होते. तरीही गोडशांना ओसरी, शिधा आणि राणीच्या तोंडून आदराचा शब्द मिळाला. मुलांना पेलाभर पाणी मिळाले नाही. आगगाडीने तिकिटाचा रकाना सर्वांसाठी खुला केला, पण तिची हद्द स्टेशनाबाहेर संपत होती. खरे तर फलाटावरच ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ असे पुकारे होत, तेव्हा हद्द तेथपर्यंतही पोचली नव्हती. गांधींचे एकतीस रुपये पुरले, कारण धर्मशाळेचे दार त्यांना उघडे होते.

भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाचे दुसरे कलम या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते: ही यादी कायदेपंडिताला कोरडी वाटेल, पण ती वाटसरूच्या गरजांची यादी आहे. मसूर ते गोरेगाव या वाटेवर त्या मुलांना जे जे नाकारले गेले, त्यातले बरेचसे तिच्यात आहे.

तिसरा वर्ग रेल्वेने १९७४ साली बंद केला. स्वस्त मुक्काम मात्र तीर्थक्षेत्री अजूनही पुष्कळदा समाजासमाजाच्या धर्मशाळांत मिळतो, आणि खोली देण्याआधी आडनाव विचारणारा व्यवस्थापक फार शोधावा लागत नाही. कमी खर्चात देश पाहिल्याचा अभिमान जरूर बाळगावा. हिशेब लिहिताना मात्र आपले आडनाव आपल्याला किती रुपयांना पडले किंवा किती रुपये वाचवून गेले, तेही एका ओळीत मांडावे.