स्लॅबखाली झोपायला लागलो तेव्हापासून

एसी थंड करत नाही, ही तक्रार नागपुरात दुपारी कमी येते. फोन वाजतात ते रात्री नऊनंतर. "भाऊ, मशीन चालून राहिली, हवाही येऊन राहिली, पण खोली थंड होऊन नाही राहिली." मी आधी जाळी पाहतो. मे महिन्यात आमच्याकडच्या धुळीने ती बघता बघता बुजते. मग बाहेरचं युनिट. ते ग्रिल ठोकलेल्या बाल्कनीत कोंबलेलं असलं, की आपणच सोडलेली गरम हवा परत ओढत बसतं. मग थर्मामीटर. मशीनमध्ये शिरणाऱ्या हवेपेक्षा बाहेर पडणारी हवा नऊ-दहा अंशांनी थंड असेल, तर मशीन ठीक आहे. तिथे गॅस कमी झालाय म्हणून पैसे घेणं पाप आहे. आमच्या धंद्यात ते सर्रास होतं, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर मी स्टुलावर चढतो आणि छताला हात लावतो. घर वरच्या मजल्यावरचं असेल तर रात्री दहालाही स्लॅब हाताला चांगलाच गरम लागतो. घरातल्या म्हाताऱ्यांना मी अशा वेळी हटकून विचारतो, की काका, लहानपणी उन्हाळ्यात झोपत कुठे होतात? उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. अंगणात, नाहीतर गच्चीवर.

मातीची घरं एसीसारखी गार असायची, असं आजकाल लग्नकार्यात भेटणारा प्रत्येक जण सांगतो. अर्धंच खरं आहे ते. विदर्भातलं धाब्याचं घर म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर किलच, म्हणजे आडवी टाकलेली बारीक लाकडं, त्यावर पालापाचोळा आणि वर जाड मातीचा थर. सगळ्यात वर पांढरी माती. ती पावसाळ्याआधी पुन्हा घालायची, म्हणजे छत गळत नसे, आणि ऊनही बरंचसं वरच्या वर परतत असे. भिंती दोन-दोन फुटी. इतकी माती उष्णता अडवत नाही, लांबवते. दुपारचं ऊन आतल्या अंगाला पोचेपर्यंत मध्यरात्र होते. म्हणून माजघर दुपारी गार. रात्री मात्र तेच घर उबायला लागायचं, पण तेव्हा आत असायचं कोण? संध्याकाळी अंगण शिंपून बाजा टाकलेल्या असायच्या. बाळंतीण किंवा आजारी माणूस सोडलं तर घर रिकामंच. जुन्या लोकांनी गारवा घरात कोंडून ठेवला नाही, तो जिथे असेल तिथे ते उठून गेले.

साहेबही उठून जायचे, फक्त जास्त लांब. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झाली, आणि उन्हाळ्यात बडे अधिकारी पचमढीला जाऊ लागले. वऱ्हाडातल्यांना चिखलदरा जवळचा. मागे राहिलेल्यांच्या बंगल्यांत दारांना वाळ्याच्या ताट्या लागायच्या, भिस्ती त्यांवर मशकीतून पाणी मारायचा, आणि दोरीवर पंखेवाला. ताटीला वारा लागतो. लू पडली की ताटी नुसती ओली उभी. त्यावर एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी एक पेटारा काढला, 'थर्मँटिडोट' नावाचा. खिडकीला लावायचा, बाजूंना ओला वाळा, आत हाताने फिरवायची पाती. हँडल काढून मोटर बसवा, भिस्त्याच्या जागी छोटा पंप ठेवा, की आमचा पत्र्याचा कूलर तयार. फरक एवढाच, की तेव्हा खोली गार करणारा माणूस स्वतः बाहेरच्या झळांत बसलेला असायचा.

खरं यांत्रिक काम नागपुरात आधी माणसांसाठी झालंच नाही, सुतासाठी झालं. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आमच्या कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून जमशेटजींनी तिथे हवेत ओलावा सोडणारी यंत्रं बसवली. योगायोग असा, की १९०२ मध्ये विलिस कॅरियरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आजच्या एसीचं मूळ मानलं जाणारं जे यंत्र आखलं, तेही एका छापखान्यासाठी, कागद दमट हवेने फुगू नये म्हणून. त्याला ओलावा काढायचा होता, नागपूरला घालायचा होता. माणसाचा घाम दोन्हीकडे हिशेबात नव्हता.

एसीचा 'टन' मात्र बर्फातून आला. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढेल, तेवढं एका टनाचं मशीन ओढतं, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वॅट. आता कागदावर हिशेब करा. तासाला सव्वापाच लिटर पाणी हवेत उडालं, तरी तेवढीच उष्णता जाते. म्हणून मे महिन्यातला नागपुरी कूलर हा काही गरिबाचा एसी नाही, भारी चीज आहे. पण त्याला एक खिडकी उघडी लागते, नाहीतर खोलीत नुसती वाफ कोंडते. पाऊस आला की तो निकामी होतो.

आणि तीच उघडी खिडकी आता एसीवाल्या घरांना नडते. आमच्या कितीतरी घरांत कूलरसाठी काढलेलं भोक नुसत्या जाळीने झाकलेलं सापडतं. वर झरोके उघडे. काही घरांत तर हॉलमध्ये कूलर, बेडरूममध्ये एसी, मधलं दार सताड. मग एसीची निम्मी ताकद कूलरने घातलेलं पाणी परत काढण्यात जाते. त्यात मशीनवर लिहिलेला टन बाहेर ३५ अंश असताना मोजलेला. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ होतं. अशा दिवशी एक टन हा एक टन राहत नाही.

तरी सगळ्यात मोठा चोर स्लॅबच. १९३६ मध्ये नागपूर सुधार प्रन्यास झालं, पुढे ले-आउट पडत गेले, सिमेंट-लोखंड सर्वांच्या आवाक्यात आलं. स्लॅब गळत नाही, त्याला दरवर्षी माती लागत नाही, वर आणखी मजला चढतो. कोणीही घेतला असता. पण चार-पाच इंची काँक्रीट आणि वरचा कोबा दुपारचं ऊन बारा तास थोपवत नाहीत, चार-पाच तासांत खाली सोडतात. म्हणजे बरोबर संध्याकाळी. दहा-बारा फुटांच्या खोलीत नुसत्या छतातून हजारेक वॅट उतरतात, जणू एक हीटर उलटा टांगलाय. मशीन नऊला लावेपर्यंत भिंती, गादी, कपाट सगळं तापून बसलेलं असतं.

पहिल्या पिढीने स्लॅब घातला तेव्हा हे कळलं नाही, कारण ती स्लॅबच्या वर झोपायची. संध्याकाळी बादल्या ओतून गच्ची निववायची, अंथरुणं टाकायची. मग फ्लॅट आले, डास वाढले, चोऱ्यांची भीती आली, गच्चीच्या दाराला सोसायटीचं कुलूप पडलं. आपण एक मजला खाली उतरलो, आणि तेही नेमके स्लॅब तापलेला असताना.

मी गिऱ्हाइकाला दीड टनाचं मशीन विकण्याआधी सांगतो, की कूलरची खिडकी आणि झरोके बंद करा, मशीन नऊला नाही, सातला लावा, आणि गच्चीला चुना मारा. पांढऱ्या मातीचंच काम ते. पहिल्या दोन गोष्टी लोक लगेच करतात. तिसरीला गाडी अडते. गच्ची सगळ्यांची, ताप फक्त वरच्या मजल्याला, मग चुन्याचे पैसे कोणी द्यायचे? पहिल्या मजल्यावरचे काका म्हणतात, आमचा एसी तर मस्त चालून राहिला.