टायबरच्या खोऱ्यांतील मराठा शिपाई

ज्या टायबर नदीच्या कांठीं रोम नगर वसलें, तिचें नांव आपल्या मंडळींस अपरिचित नाहीं. परंतु तिच्याच वरच्या खोऱ्यांत, संत फ्रान्सिसचें असीसी ज्या पेरूजा प्रांतांत आहे त्याच प्रांतांत, एक मराठा शिपाई धारातीर्थीं पडला, हें झरीसारख्या गांवीं किती जणांच्या कानीं आलें असेल? त्या काळीं हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. मराठा पलटणींची भरती मुख्यतः देश-कोंकणांत होई. तरी भाषेनें तो आपलाच. म्हणून या जुबिलीच्या पुस्तिकेंत त्यास थोडी जागा द्यावी असें आम्हांस वाटलें.

सन १९४४ च्या जूनच्या ४ तारखेस दोस्तांनीं रोम घेतलें. दोनच दिवसांनीं त्यांचें सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलें आणि जगाचे डोळे तिकडे लागले. इटलींतील लढाई मात्र संपली नव्हती. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटतां हटतां टेकड्या अडवून धरीत होतें. तोफा व विमानें वाट मोकळी करतात हें खरें. पण आडोशाआड बसलेल्या मशीनगनवाल्यापर्यंत शेवटीं पायदळाच्या माणसासच जावें लागतें.

१० जुलै रोजीं ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या ३ ऱ्या पलटणींतील नाईक यशवंत घाडगे आपली तुकडी घेऊन पुढें सरला. तो माणगांवाकडील पळसगांवचा. वय अवघें २२. अगदीं जवळून मशीनगन सुटली आणि त्याच्याखेरीज तुकडींतील सर्व माणसें ठार वा जखमी झालीं. तो थांबला नाहीं. त्यानें हातबाँब फेकून मशीनगन व ती चालविणारा यांचा निकाल लावला; दुसऱ्यास टॉमीगननें टिपलें. तेवढ्यांत गोळ्या संपल्या, आणि नव्या भरण्यास वेळ नव्हता. तेव्हां बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस त्यानें तिच्याच घावांनीं मारलें. लगोलग दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातींत व पाठींत शिरल्या, आणि जिंकलेल्या मोर्च्यांतच त्याचा प्राण गेला.

हें वर्णन गोड करून सांगतां येत नाहीं, आणि आम्ही तसा यत्नही करणार नाहीं. दुरून तोफ डागणाऱ्यास मरणाऱ्याचें तोंड दिसत नाहीं. घाडग्यास तें हातभर अंतरावरून दिसलें. तीं मेलेलीं माणसेंही कोणाचीं तरी मुलें होतीं.

पुढल्या वर्षीं, ९ एप्रिल १९४५ रोजीं, सेनिओ नदीवर १ ल्या पलटणीच्या नामदेव जाधवानें प्रथम दोन जखमी सोबत्यांस, एकामागून एक, खोल पाण्यांतून व सुरुंगांच्या पट्ट्यांतून वाहून सुरक्षित जागीं नेलें. मग परत फिरून त्यानें मशीनगनचे तीन मोर्चे बंद पाडले. हात जखमी झाल्यावर टॉमीगन टाकून केवळ हातबाँबांवर. लोक मोर्चेच मोजतात. आम्हांस ते दोन जखमी अधिक मोलाचे वाटतात. जाधव जिवंत परतला व १९८४ पर्यंत जगला.

दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्याचा त्याच्या विधवेच्या हातीं पडला. २०२३ सालीं मोन्तोने गांवीं त्याच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारली गेली; आपण सारे एकाच सूर्याखालीं राहतों, अशा अर्थाचें लॅटिन वचन तिचें ब्रीद आहे. त्याची कबर मात्र कोठेंच नाहीं. ज्यांचें दफनस्थान अज्ञात राहिलें अशा चार हजारांवर सैनिकांसमवेत त्याचें नांव कसीनो येथील स्मारकावर कोरलें आहे.