कानांनी वाचलेल्या गोष्टी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा मंडळाचा निरोप आला, तेव्हा मी नकारच कळवणार होते. गेली दोन वर्षे मला छापील अक्षर दिसत नाही. हा मजकूरही मी सांगितला आणि सूनबाईंनी उतरून घेतला. परंतु याच काळात नातीने मला फोनवर पॉडकास्टमधील कथावाचन ऐकण्याची सवय लावली. त्यावरून सुचले ते मांडते.

आरंभी मला त्यात कमीपणा वाटे. माझी आजी चातुर्मासात देवळात पुराण ऐकायला जाई. तिला अक्षरओळख नव्हती. १९५१ च्या जनगणनेत आपल्या देशातील शंभर स्त्रियांपैकी जेमतेम नऊ जणी साक्षर होत्या. त्यानंतर दोन वर्षांनी मी शाळेत गेले. ऐकणे हे आजीचे आणि वाचणे हे माझे, असा अभिमान मी जन्मभर बाळगला.

इतिहास मात्र निराळेच सांगतो. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या कित्येक सैनिकांना प्रौढ वयात ब्रेल लिपी शिकणे जड जाई. अशांसाठी व इतर अंधांसाठी ध्वनिमुद्रिकांवर ‘बोलकी पुस्तके’ निघाली. अमेरिकेत १९३४ साली आणि इंग्लंडात १९३५ साली. इंग्लंडातील पहिल्या पुस्तकांत ॲगाथा ख्रिस्ती यांची एक रहस्यकादंबरी होती! दुःखी माणसाला केवळ उपदेश पुरत नाही. पुढे काय झाले, ही उत्सुकताही त्याला जगवते.

आपल्याकडे मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुढे आकाशवाणीच्या ‘वनिता मंडळ’ कार्यक्रमाने हातातले काम न सोडता ऐकण्याची सोय केली. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ सालचा. पुराणाला देवळात जावे लागे, रेडिओची वेळ गाठावी लागे. ही गोष्ट मात्र रात्री दोन वाजताही उशाशी येते. झोप उडालेल्या माणसाला तेव्हा कोणाला उठवावे लागत नाही. कोणीतरी सावकाश वाचत असते आणि खोलीतला काळोख थोडा सुसह्य होतो. आजी पुराणाहून परतताना इतकी हलकी का दिसे, ते मला आता कळते.

एक उणीव तेवढी जाणवते. आजीच्या शेजारी वीस जणी बसत. प्रसंग आला की सगळ्या मिळून डोळे पुसत. माझ्या कानातली गोष्ट माझ्यापुरतीच राहते. म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. आठवड्यातून एक दुपार कथावाचनाची करावी. ज्यांना दिसते त्यांनी वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. श्रोत्यांत माझे नाव पहिले लिहून ठेवा.