आबांचा हात आणि मेंदूची भिंत

धुळ्याला आबांचा हात थरथरायला लागला. निदान निघालं पार्किन्सन्स. मेंदूत डोपामाइन कमी पडतंय, तर तेच द्या ना, असं मी डॉक्टरांना म्हटलं. ‘ते मेंदूत शिरत नाही,’ ते म्हणाले.

ही गोष्ट १८८५ पासूनची. पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. बाकी अवयव रंगले, मेंदू मात्र जवळपास कोरा राहिला. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी मेंदूभोवतीच्या द्रवात रंग सोडला. आता मेंदू रंगला, शरीर कोरं! म्हणजे मध्ये भिंत होती.

लेव्होडोपा ती ओलांडतं. ते अमिनो आम्लांच्या दारातून जातं आणि आत त्याचं डोपामाइन होतं. आपल्या खाजकुइलीच्या बियांतून मद्रासच्या संशोधकांनी ते १९३७ मध्येच वेगळं काढलं होतं.

ज्या औषधाला असं दार नाही, त्याला वाहक लागतो. १९९५ मध्ये जर्मनीत यॉर्ग क्रॉयटर यांच्या गटानं डालार्जिन हे वेदनाशामक शरीरात विघटन होणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवर बसवलं, वर पॉलिसॉर्बेट ८०चा लेप दिला. उंदरांच्या वेदना कमी झाल्या. लेपाला रक्तातली चरबी वाहणारी प्रथिनं चिकटतात आणि पेशी कणाला ओळखीचा समजतात, असं त्यांचं स्पष्टीकरण. मी लॉगिनचा कोड लिहितो. मला हे दुसऱ्याच्या पासवर्डवर आत जाण्यासारखं वाटलं.

शिरपूरला फार्मसी शिकणारी मामेबहीण म्हणाली, ‘दादा, शिरणं अर्धंच काम. औषध उतरवल्यावर त्या कणाचं काय होतं? मेलेल्या चेतापेशीच्या जागी सहसा नवी येत नाही.’

आबा शेवटपर्यंत लेव्होडोपाच घेत होते. आजही मुख्य औषध तेच आहे. सकाळची गोळी लागू पडली की ते स्वतः कपबशी उचलायचे. जोर ओसरला की कप पुन्हा वाजायचा.