ब्रेक-रूपांतर : ड्रमवरून डिस्कवर

जुन्या मोटारीचे मूळचे ड्रम ब्रेक काढून त्यांच्या जागी, बहुधा फक्त पुढच्या दोन चाकांना, डिस्क ब्रेक बसवण्याचे काम. गॅरेजच्या बोलीत याला 'गाडीला डिस्क टाकणे' म्हणतात. हे ऐकले की शिवणयंत्राची सुई बदलण्याइतके सुटसुटीत काम डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात डिस्क हा त्यातला सर्वांत सोपा भाग. पॅडलपासून टायरपर्यंतची सगळी साखळी नव्याने जुळवावी लागते, आणि फसलेले रूपांतर उलगडून पाहिले तर दोष डिस्कमध्ये क्वचितच सापडतो. तो पॅडलच्या जोराने तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये, मागच्या ब्रेकमध्ये नाहीतर रिममध्ये असतो.

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर बिडाचा एक पसरट डबा फिरतो. त्याच्या आत दोन अर्धगोल शू असतात आणि त्यांवर लायनर चिकटवलेले किंवा रिबेट मारून बसवलेले असतात. पॅडल दाबले की तेलाचा दाब व्हील सिलिंडरमार्फत शूंना बाहेर रेटतो. यातली खुबी अशी की चाक फिरते त्या दिशेला तोंड असलेला शू घर्षणामुळे स्वतःच ड्रममध्ये अधिक रुतत जातो. पायाने थोडे मागितले की ड्रम वर चार आणे टाकून देतो. पूर्वीच्या लहान गाड्या पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरशिवाय थांबत, त्याचे मोठे कारण हेच. डिस्कमध्ये चकती उघड्यावर फिरते आणि कॅलिपरमधले दोन पॅड तिला चिमटीत पकडतात. इथे फुकटची मदत नाही; जेवढा दाब, तेवढाच ब्रेक.

मग ड्रमचे बिघडते कुठे? उष्णतेत. हजार किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली तर सुमारे २ लाख ४७ हजार ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते. तीस अंशांचे सव्वाआठशे मिलीलिटर पाणी तेवढ्यात उकळेल. म्हणजे चार-पाच जणांच्या चहाचे आधण. वेग १०० केला की हाच आकडा ३ लाख ८६ हजारांवर जातो : वेग सव्वापट, पण उष्णता दीडपटीहून जास्त. एकदा थांबण्यात ड्रमला काहीच अवघड नाही. घाट उतरताना मात्र एक आधण निवते न निवते तोच दुसरे चढते. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो, पॅडल खोल जाऊ लागते, लायनरचे घर्षणही उतरते आणि बंद डब्यातली उष्णता बाहेर पडायला वाट शोधत बसते. डिस्क तापून जाड झाली तर पॅडच्या दिशेनेच सरकते आणि चहूबाजूंनी वारा खाते. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा दंडक ड्रमच्या या स्वभावातूनच आलेला आहे.

दुसरे दुखणे पाण्याचे. मुंबईत हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या तुंबलेल्या पाण्यातून बाहेर पडलेल्या काळ्या-पिवळ्या फियाटचा चालक पुढचे थोडे अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी चालवत असे. ड्रममध्ये शिरलेले पाणी लायनरवर थर धरून बसते. ते वाफ होऊन जाईपर्यंत ब्रेक असून नसल्यासारखा. डिस्कवरचे पाणी फिरतानाच उडते आणि उरलेले पॅड पुसून काढतात.

डिस्कची कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली तिचे पेटंट घेतले. पण धातूवर धातू घासल्याने त्यांचा ब्रेक असा किंचाळे की ती कल्पना अनेक वर्षे अडगळीत पडली. तिला प्रतिष्ठा मिळाली ती शर्यतीच्या मैदानावर. डनलपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने स्टर्लिंग मॉस यांच्या हाती १९५२ मध्ये रॅन्सची शर्यत जिंकली, आणि पुढच्याच वर्षी टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी अशाच गाडीवर ल मान्सची चोवीस तासांची शर्यत मारली. लांब सरळ रस्त्याच्या टोकाला प्रतिस्पर्धी ब्रेक दाबत, त्यानंतरही जॅग्वार काही क्षण सुसाट जात राही. मग १९५५ ची सित्रोएन डीएस आली, १९५६ ची ट्रायम्फ टीआर३ आली आणि डिस्क सामान्य ग्राहकाच्या गाडीत उतरली.

भारतीय वाचकाला या इतिहासातली एक फट जास्त बोलकी वाटेल. इटलीत १९६६ साली आलेल्या फियाट ११०० आरला पुढच्या चाकांना डिस्क होत्या. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून निघणारी, पुढे पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली गाडी मात्र त्याआधीच्या ११०० डी या मॉडेलवर आधारलेली होती आणि मुंबईच्या टॅक्सी चारही चाकांना ड्रम घेऊन धावल्या. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. सख्ख्या बहिणीला लग्नात मिळालेला दागिना धाकटीला मिळालाच नाही, असा हा डिस्कचा प्रकार. आज पद्मिनी हौसेने बाळगणारे लोक डिस्कचा विचार करतात तो त्यामुळेच.

रूपांतराचे सर्वांत उघड उदाहरण मात्र मॉरिस मायनरचे. अ‍ॅलेक इसिगोनिस यांची ही गाडी १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि १९७१ पर्यंत बनत राहिली. हिंदुस्तान मोटर्सने ती 'बेबी हिंदुस्तान' या नावाने भारतातही जुळवली. पुढच्या चाकांचे ड्रम आधी सात इंचांचे होते. १९६२ मध्ये १०९८ सीसीचे इंजिन आले तेव्हा ते आठ इंचांचे झाले. त्या काळच्या रस्त्याला तेवढे पुरत होते. आजच्या महामार्गावर पुढची नवी गाडी अचानक थांबते तेव्हा मायनरचा मालक डिस्कचे कॅटलॉग चाळू लागतो.

इथे नशीब मायनरच्या बाजूचे आहे. १९७१ साली ब्रिटिश लेलँडने मॉरिस मरीना बाजारात आणली आणि काटकसर म्हणून तिचे पुढचे सस्पेन्शन मायनरवरूनच उचलले : पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारे तेच टॉर्शन बार, तीच लिव्हर आर्म डँपरची पद्धत. नवी गाडी जुन्या हाडांवर उभी केल्याबद्दल मरीनाची पुष्कळ टिंगल झाली. त्याच कंजूषीमुळे मरीनाची डिस्क, हब आणि कॅलिपर ही मंडळी मायनरला फारशी कुरकुर न करता बसतात. चाकाच्या चार नटांचे वर्तुळही दोन्हींचे चार इंचांचेच. टीकाकारांनी ज्याला आळस म्हटले, त्यावर मायनरप्रेमींच्या पिढ्या पोसल्या.

काम सुरू झाले की पहिली गाठ पडते ती मास्टर सिलिंडरशी. मायनरमध्ये तो बॉनेटखाली नाही. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलायचा, पत्र्याचे झाकण काढायचे, की खाली चासीच्या पोकळ पट्टीत तो लपून बसलेला दिसतो. त्याचे बोल्ट बाहेर ओढायला जावे तर टॉर्शन बार आडवा येतो. म्हणून एका किरकोळ दिसणाऱ्या सुट्या भागासाठी सस्पेन्शन सैल करावे लागते, आणि गडी सकाळी आत शिरला की दुपारच्या जेवणालाच बाहेर येतो. हा सिलिंडर बदलण्याचा विचार सुटत नाही, कारण कॅलिपरचे पिस्टन व्हील सिलिंडरपेक्षा बरेच मोठे असतात आणि त्यांना तेल जास्त लागते. इथेच हिशेब चुकतो. पाऊण इंचाचा बोअर काढून सात-अष्टमांश इंचाचा घातला तर पिस्टनचे क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढते : पॅडल कमी खाली जाते, पण पायाला तेवढाच जास्त जोर लावावा लागतो. लहान बोअर ठेवला तर पाय हलका, पण पॅडल फळीला टेकायला निघते. सुवर्णमध्य गाडीगणिक वेगळा असतो. इंटरनेटवरून मागवलेल्या 'युनिव्हर्सल' संचाच्या जाहिरातीत तो लिहिलेला नसतो.

डिस्कला स्वतःची मदत नाही, ही गोष्ट इथे वसूल होते. म्हणून बहुतेक जण इंजिनच्या इनलेट मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर जोडतात. जागा नसलेल्या ब्रिटिश गाड्यांत तो पॅडलपासून दूर, बॉनेटखालच्या एखाद्या कोपऱ्यात बसवतात. बूस्टर गाडी लवकर थांबवत नाही, पायाचे श्रम वाचवतो. हा फरक विसरणारा मालक बूस्टर बसवून झाल्यावर चाचणीत टायर घासतो आणि खूश होतो.

अवशेष दाबाचा व्हॉल्व्ह ही चिमुकली वस्तू आहे आणि तीच सर्वाधिक गोंधळ घालते. ड्रमच्या लाइनमध्ये शूंच्या स्प्रिंगांविरुद्ध थोडा दाब शिल्लक राहावा, म्हणून काही मास्टर सिलिंडरमध्ये सुमारे १० पीएसआय राखणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या लाइनमध्ये राहून गेला तर पॅड चकतीला सतत घासत राहतात. दहा किलोमीटरनंतर रिमला हात लावला तर चटका बसतो. उलट, मायनरसारखा सिलिंडर कॅलिपरपेक्षा खाली असेल तर तेल परत ओघळू नये म्हणून सुमारे २ पीएसआयचा व्हॉल्व्ह मुद्दाम घालावा लागतो. एकीकडे काढायचा, दुसरीकडे घालायचा : दोन्ही सूचना बरोबर आहेत.

पुढे डिस्क आल्याने मागच्या ड्रमशी असलेले नाते बदलते. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर झुकतो आणि मागची चाके हलकी होतात. अशा वेळी मागचे ड्रम आधी अडकले, तर ओल्या डांबरावर गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो. त्यासाठी मागच्या लाइनमध्ये दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह बसवतात किंवा मागचा व्हील सिलिंडर लहान बोअरचा घेतात. दोन स्वतंत्र परिपथांचा, म्हणजे टँडेम, मास्टर सिलिंडर घेण्याची हीच संधी असते. अमेरिकेत १९६७ च्या मॉडेलांपासून तो सर्रास आला. एका पाइपातून तेल गळाले तरी निम्मे ब्रेक शिल्लक राहतात, आणि सुरक्षिततेचा हा लाभ डिस्कच्या लाभाहून लहान नाही.

रिमची गोष्ट थोडक्यात. कॅलिपर ड्रमपेक्षा जास्त जागा खातो. जुन्या रिमची आतली कड त्याला घासते की नाही, हे गाडी जॅकवर असतानाच चाक हाताने फिरवून पाहावे. स्पेसर घालून चाक बाहेर सरकवले तर बेअरिंगवर ताण येतो आणि वळताना टायर मडगार्डला लागतो. कॅलिपरचे ब्रॅकेट मूळच्या बॅकप्लेटच्या बोल्टांवर बसते. स्टब अ‍ॅक्सलला वेल्डिंग करणारा कारागीर दिसला, तर गाडी तिथून हलवावी.

आता एअर काढणे, म्हणजे तेलाच्या पाइपांत अडकलेली हवा बाहेर घालवणे. एक जण पॅडलवर, दुसरा चाकाशी. निपलला पारदर्शक नळी, नळीचे टोक बरणीतल्या तेलात. 'दाब… धर… सोड.' बरणीत बुडबुडे यायचे थांबले की काम झाले असे समजावे. तेवढे करूनही पॅडल स्पंजासारखे राहिले, तर आधी कॅलिपरकडे पाहावे : निपल वर आहे ना? डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली येतो, हवा वरच्या कोपऱ्यात अडकते आणि दिवसभर दाबूनही हाती काही लागत नाही. तेलाचेही तारतम्य हवे. डॉट ३ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट ४ चा २३० अंश. हवेतली ओल शोषल्यावर तेच आकडे १४० आणि १५५ वर उतरतात. कोकणातल्या पावसाळ्यात दर दोन वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस मालकांना उगाच वाटते, पण आकडे तिच्या बाजूने आहेत.

रूपांतराच्या विरोधातही एक पक्ष आहे आणि तो केवळ हट्टी नाही. नीट ठेवलेले ड्रम चाक अडकवू शकतात. गाडी थांबते ती शेवटी टायरच्या पकडीवर. लेथवर गोल केलेले ड्रम, त्यांच्या गोलाईला घासून बसवलेले नवे लायनर आणि स्क्रू-ड्रायव्हरने जुळवलेले शू, एवढ्यात मायनरच्या निम्म्या तक्रारी संपतात. ज्याची गाडी महिन्यातून एका रविवारी पुण्याहून सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन येते, त्याला डिस्कची गरज नाही. ज्याची महाबळेश्वरला जाते, त्याला आहे. हँडब्रेक हा याच हिशेबातला मुद्दा : मागचे ड्रम तसेच ठेवले तर तो आपोआप टिकतो, मागेही डिस्क घातल्या तर त्याची वेगळी सोय करावी लागते. म्हणून समजूतदार रूपांतर पुढच्या दोन चाकांवर थांबते.

कायद्याची बाजू भारतात तपासून घ्यावी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपासून नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' अशी स्वतंत्र नोंदणी दिली आणि तिथे चासी, बॉडी व इंजिनातल्या मोठ्या फेरफारांना मनाई आहे. ब्रेकचा उल्लेख त्यात नावानिशी नाही. जुन्या मोटारींची आंतरराष्ट्रीय संघटना फीव्हा ही तीस वर्षांहून जुन्या गाड्यांना ओळखपत्र देते, तेव्हा ती ऐतिहासिकदृष्ट्या योग्य अवस्थेचा आग्रह धरते. त्यामुळे जाणता मालक बोल्टवर बसणारेच रूपांतर निवडतो आणि काढलेले ड्रम, शू, बॅकप्लेट भंगारात देत नाही. ग्रीस चोळून, वर्तमानपत्रात गुंडाळून, 'डावे' आणि 'उजवे' असे रंगाने लिहून, ते खोक्यात घालून माळ्यावर ठेवतो. गाडी विकताना खोकेही बरोबर जाते.